विचारायचं नाही

"माझा डोनट कुणी खाल्ला?" नव्या कोचने हसत हसत विचारलं, आणि मागच्या रांगेत बसलेल्या जुन्या दुय्यम कोचने, डेल हार्गिसने, डोळे मिटून घेतले.

प्रश्न गमतीचा होता. ऑगस्टची सकाळ, अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाची पहिली बैठक, खोलीत कोंबून बसलेली दांडगी पोरं आणि टेबलावर डोनटचा रिकामा खोका. ग्रेडी ट्रस्कॉट दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठातून आलेला, चाळिशीचा, उमदा माणूस. पोरांशी जरा ओळख व्हावी म्हणून त्याने आपलं काहीतरी विचारलं. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात पोरं खिदळली असती, दोघाचौघांनी एकमेकांकडे बोटं दाखवली असती आणि विषय तिथेच मिटला असता. पण हे फोर्ट मॅरिक होतं. इथून पोरं पदवी घेऊन थेट लष्करात अधिकारी म्हणून जातात.

तिसऱ्या रांगेतला एक धिप्पाड पोरगा ताडकन उभा राहिला. "सर, मी खाल्ला, सर."

"शाबास! कसा होता?"

"चांगला होता, सर. दोन खाल्ले, सर."

ट्रस्कॉट मोठ्याने हसला. तोवर त्या पोराच्या शेजारचा उठला. "सर, मी त्याला खाताना पाहिलं आणि तक्रार केली नाही, सर." मग त्याच्या मागचा उठला. मग खिडकीजवळचे दोघे. पाच जण छाती काढून, नजर समोरच्या भिंतीवर ठेवून उभे. कोचचं हसू ओठांवरच वाळलं. काय चाललंय ते त्याला कळेना. डेलला कळत होतं, म्हणून तो बुटांच्या नाड्या बघत बसला.

फोर्ट मॅरिकमध्ये पोरगा पाऊल टाकतो त्याच दिवशी त्याच्याकडून शपथ घेतात. खोटं बोलणार नाही, चोरणार नाही, फसवणार नाही, आणि असं करणाऱ्याला पाठीशी घालणार नाही. मोडली शपथ की बाडबिस्तरा गुंडाळायचा आणि घर गाठायचं. तेव्हा डोनटचं प्रकरण कॅडेटांच्या सन्मान समितीपुढे गेलं नसतं तरच नवल. शेवटी ट्रस्कॉट स्वतः समितीपुढे उभा राहिला आणि खोका मी सगळ्यांसाठीच ठेवला होता, असं बेधडक सांगून आला. त्या अख्ख्या प्रकरणात खोटं बोलला तो एकटाच, आणि शपथ नव्हती तीही त्याला एकट्यालाच. पोरं वाचली. तरी विचारल्याशिवाय खाल्लं आणि खाऊ दिलं म्हणून शिक्षा झालीच. मोसमाच्या पहिल्या शनिवारी टीम मैदानावर मार खात होती आणि ते पाच जण खांद्यावर बंदुका घेऊन चौकात फेऱ्या मारत होते. त्यातले तिघे डेलच्या लाइनमधले होते.

लाइन म्हणजे पुढे वाकून उभी राहणारी पाच आडदांड पोरं. चेंडू घेऊन पळणाऱ्याचं नाव पेपरात येतं. ही पोरं त्याच्यासाठी समोरच्यांना ढकलतात आणि त्यांच्या आईबापांशिवाय त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. त्यांना शिकवणाऱ्या डेलचंही तसंच. वय अठ्ठावन्न, पोट सुटलेलं, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. अर्धं आयुष्य याच मैदानावर गेलं. मोठे कोच आले, हरले, गेले. दर वेळी त्यांच्यासोबत सगळे दुय्यम कोचही गेले आणि डेल मात्र राहिला. ट्रस्कॉटनेही बाकी सगळ्यांना नारळ दिला आणि याला ठेवलं. का ठेवलं, हे डेलने विचारलं नाही. कुठली किल्ली कुठल्या दाराची हे सांगायला कुणीतरी हवं म्हणून ठेवलं असेल, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

भित्रा म्हणावं तर भित्राच होता तो. फोन वाजला की त्याला वाटे, संपली नोकरी. नाही वाजला की वाटे, संपली असेल पण सांगायचं राहिलं असेल. तरीही त्या सोमवारी तो हिय्या करून ट्रस्कॉटच्या खोलीत गेला.

"कोच, एक सांगू का? रागावणार नसाल तर."

"बोला की."

"इथं पोरांना काही विचारायचं नाही."

ट्रस्कॉटला सूर्यफुलाच्या बिया चघळायची सवय होती. टरफल कागदी पेल्यात थुंकून तो म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे… विचारलं की ती सांगतात."

"अहो हार्गिस, मी कोच आहे. विचारलं नाही तर मला कळणार कसं?"

"बघून. एखादा पाय ओढत असला तर 'दुखतंय का' म्हणायचं नाही. 'जरा बाकावर बस, मला दुसऱ्याला बघायचंय' म्हणायचं. रात्री कुंपणावरून उडी मारून गावात गेला असेल, डोळे लाल असतील, तर कुठं होतास म्हणून विचारायचं नाही. चार फेऱ्या जास्त पळवायचं. त्याला समजतं, आपल्याला समजतं, आणि कुणावर काही बालंट येत नाही."

"आणि गावात पण असंच चालतं?"

"इथला न्हावीसुद्धा हवामानापलीकडे जात नाही, कोच."

ट्रस्कॉट बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला ठेवलं ते बरं केलं मी." डेल घरी जाईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ लावत होता.

पहिले चार सामने ते हरले. माजी विद्यार्थी, म्हणजे छातीवर पदकं आणि हातात काठ्या असलेले म्हातारे, मैदानाच्या कडेला उभे राहून ट्रस्कॉटच्या नावाने बोटं मोडायला लागले. त्याला उंच, लांब चेंडू फेकायचा खेळ खेळायचा होता, आणि इथली पोरं पहाटे पाचला उठून कवायत करणारी, दिवसभर वर्गात डुलक्या काढणारी. त्यांच्यात तेवढा दम नव्हता. पाचव्या सामन्याआधी त्याने आपला खेळ गुंडाळून ठेवला आणि डेलला म्हणाला, "तुमची लाइन काय करू शकते ते दाखवा." डेलने दाखवलं. म्हणजे पोरांनी दाखवलं. जमिनीलगत, एकेक पाऊल, समोरच्याला रेटत रेटत. ती टीम ओळीने सामने जिंकायला लागली तेव्हा म्हाताऱ्यांनी ट्रस्कॉटच्या पाठीवर हात ठेवायला सुरुवात केली.

त्या लाइनचा मधला खांब होता टोबिन हॅव्हलिक. सेंटर. दर वेळी वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा, आणि दिल्या क्षणी समोरून येणारं धूड अंगावर घ्यायचं, हे त्याचं काम. नेब्रास्काच्या सपाट मुलखातला पोरगा. त्याचा बाप लहानशा पिवळ्या विमानातून शेतांवर फवारणी करायचा, आणि चालायला लागल्यापासून या पोराला आकाशाशिवाय काही सुचलं नव्हतं. शेवटचं वर्ष चालू होतं. लढाऊ विमानाच्या प्रशिक्षणासाठी त्याची निवड झाली होती, एवढ्या मोठ्या वर्गातून दोघांची. आता जानेवारीत वैद्यकीय मंडळापुढे जायचं बाकी होतं. मंडळ दात बघतं, डोळे बघतं, आणि मुख्य म्हणजे डोकं बघतं. डोक्याला मार बसल्याची एक नोंद सापडली की विमान कायमचं जमिनीवर राहतं.

दर गुरुवारी लाइनची पोरं डेलकडे जेवायला यायची. त्याची बायको नॉर्मा शाळेची बस चालवायची. दिवसभर पोरांना 'बसलास का, बांधलास का पट्टा, कुणी ढकललं' असं विचारून तिचा घसा बसलेला असे, आणि घरी नवरा असा. "आमच्या ह्यांनी मला मागणी घातली तीसुद्धा विचारून नाही," ती पोरांना सांगायची. "म्हणाले, जूनमध्ये मला सुट्टी असते." पोरं टेबल बडवून हसायची. टोबिन सगळ्यात मोठ्याने हसायचा आणि भाजलेल्या मांसाचा तिसरा तुकडा वाढून घ्यायचा.

नववा सामना बार्टलेट कॉलेजशी होता. तो संपत आला होता तेव्हा टोबिनने चेंडू मागे दिला, मान वर केली आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या हेल्मेटवर कानाच्या जरा वर आदळला. चेंडू तोवर दुसऱ्या टोकाला गेला होता. अख्ख्या मैदानाचे डोळे त्याच्यामागे गेले. लाइनच्या कोचचे डोळे चेंडूमागे जात नाहीत. डेलने पाहिलं.

टोबिन उठला, गुडघ्यावरचं गवत झटकलं, आणि शांतपणे चालत जाऊन बार्टलेटच्या पोरांच्या घोळक्यात उभा राहिला. त्याच्या शेजारी खेळणाऱ्या ओटिसने त्याला खांद्याला धरून वळवलं. उरलेले चार चेंडू त्याने बरोबर दिले. ते काम त्याच्या हातांना पाठ होतं. सामना जिंकला. पोरं नाचायला लागली.

दर ऑगस्टमध्ये टीमचे डॉक्टर पोरांना आणि कोचांना बसवून एकच गोष्ट सांगत. पहिल्या फटक्याने सहसा कुणी मरत नाही. तो बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मरतो. डेलने ते इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याला ते ऐकू येईनासं झालं होतं. आता आलं.

टोबिन बाकापाशी आला. डेल म्हणाला, "पाणी पी."

"हो, सर." तो प्यायला. मग म्हणाला, "कोच, जिंकलो ना आपण?"

"जिंकलो."

मागे बँड वाजत होता. टोबिनने हेल्मेट काढलं, हातात धरलं, त्याच्याकडे बघत राहिला. "कोच," तो म्हणाला, "जिंकलो का आपण?"

"जिंकलो, बाळा," डेल म्हणाला, आणि दुसरीकडे गेला.

पुढचा शनिवार मोकळा होता. त्यानंतर मोसमाचा शेवटचा सामना, पोर्ट हॅलेकशी. समुद्रकाठची ती अकादमी आणि ही, यांचं वैर दोन्हीकडच्या आजोबांपासूनचं. बाकी नऊ हरले आणि हा जिंकला तरी वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. त्या पंधरवड्यात डेलने आयुष्यभराचं सगळं कसब पणाला लावलं. टक्करीचा सराव आला की चेंडू ओला आहे म्हणून बदली सेंटरला उभं करायचा. टोबिनला म्हणायचा, "तू त्याला शिकव, मला तुझा आवाज ऐकू दे." धावायच्या वेळी त्याला साहित्याच्या खोलीत पाठवायचा. टोबिन काही बोलत नव्हता. सांगेल तिथे जायचा, आणि जाताना भिंतीला बोटं लावून चालायचा.

बार्टलेटनंतरच्या सोमवारी सगळे कोच त्या सामन्याचं चित्रण बघायला बसले. ट्रस्कॉटने ती जागा आली तिथे चित्र थांबवलं. पडद्याच्या कोपऱ्यात, चेंडूपासून खूप लांब, टोबिन परक्यांच्या घोळक्यात उभा होता. खोलीत फक्त बिया चघळल्याचा आवाज. डेल खुर्चीच्या कडेला सरकला. आता हा विचारणार. विचारू दे. देवा, विचारू दे याला. हा बाहेरचा माणूस आहे, याला शोभेल.

ट्रस्कॉटने टरफल थुंकलं. "पुढं जाऊ या," तो म्हणाला.

डेलला कळलं की या माणसात आपण शिकवलेलं चांगलं मुरलंय.

शेवटच्या सामन्याआधीच्या गुरुवारी पोरं जेवायला आली. नॉर्माने मक्याचा पाव केला होता, बटाटे कुस्करले होते. टोबिन खिडकीकडे पाठ करून बसला. बाहेर ऊन कलतं होतं तरी त्याने कपाळावर हात धरला होता.

"टोबिन, तिसरा तुकडा?" नॉर्माने विचारलं.

"पुरे, मॅम."

"पहिलाच संपला नाही तुझा."

"चव छान आहे, मॅम." तो सावकाश, डोळे मिटून चावत होता. बाकीची पोरं एकदम पोर्ट हॅलेकच्या बकऱ्यावर बोलायला लागली. तो बकरा त्या अकादमीचं मंगलचिन्ह होता आणि त्याला पळवून निळा रंग द्यायचे बेत दर वर्षी होत. सगळे मोठमोठ्याने बोलत होते, फक्त ओटिस ताटातल्या वाटाण्यांची रांग लावत होता. थोड्या वेळाने नॉर्मा उठली आणि तिने पडदा ओढला. टोबिनने कपाळावरचा हात काढला.

पोरं गेल्यावर नॉर्माने नळ सोडला आणि एकही ताट न धुता तशीच उभी राहिली.

"काय झालंय त्या पोराला?"

"दमलाय."

"डेल."

"परीक्षा जवळ आल्यात त्यांच्या."

"डेल, मी बस चालवते. पोरगं दमलंय की आजारी आहे ते मला आरशात कळतं. डोक्याला लागलंय त्याच्या. तू विचारलंस त्याला?"

"विचारलं तर तो सांगेल गं."

"मग? सांगू दे की!"

"सांगितलं की डॉक्टर लिहिणार. लिहिलं की जानेवारीत मंडळ त्याला घरी पाठवणार. आयुष्यभर एकच गोष्ट मागितली पोरानं. आणि ती मी घालवायची? एका प्रश्नानं?"

"आणि शनिवारी कुणी पुन्हा तिथंच मारलं तर?"

डेल खुर्चीवर बसला. "मला भीती वाटते, नॉर्मा," तो म्हणाला. "पंधरा दिवस झाले, घास उतरत नाही. डोळे मिटले की तो पडलेला दिसतो. आणि उघडले की त्याचा चेहरा दिसतो, मी विचारल्यावरचा. कुठलं जास्त वाईट ते कळत नाही मला."

"मला कळतं," नॉर्मा म्हणाली, आणि ताटं घासायला लागली. तिने दोन पेले फोडले.

शुक्रवारी डेल ट्रस्कॉटच्या दारात जाऊन उभा राहिला. "कोच, टोबिनबद्दल जरा…"

ट्रस्कॉटने खुर्ची फिरवली. चांगला माणूस होता, वाईट नव्हता. पण पोर्ट हॅलेक उद्यावर आलं होतं आणि तेवढ्या दिवसांत तो चेहऱ्याने बराच ओढला गेला होता. "हार्गिस," तो म्हणाला, "तुम्ही मला काही सांगणार आहात का? कारण तुम्ही सांगितलंत की मला माहीत झालं. आणि मला माहीत झालं की मला काहीतरी करावं लागेल."

"नाही म्हणजे… त्याचा बदली तयार आहे, एवढंच."

"छान. त्याला तयार राहू दे."

डेल खाली मान घालून परतला.

पोर्ट हॅलेकच्या सामन्याआधी लाइनची एक रीत असते. पोरं हेल्मेटं चढवून रांगेत उभी राहतात आणि लाइनचा कोच एकेकाच्या हेल्मेटवर दोन्ही हातांनी सणसणीत थाप मारतो. जितकी जोराची थाप तितकं पोरगं खूश. बाहेर दोन्ही अकादम्यांचे कॅडेट ओरडत होते, भिंती हादरत होत्या. डेलने पहिल्याला थाप मारली. पोरगा गुरगुरला. दुसऱ्याला मारली. ओटिसला मारली. ओटिस गुरगुरला नाही, बाजूलाही झाला नाही. पुढच्या पोराच्या आणि डेलच्या मध्ये थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग सरकला.

टोबिनने डोकं पुढे केलं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

डेलचे हात वर गेले आणि तिथेच राहिले. थाप मारणं शक्य नव्हतं. ती चुकवायची एखादी युक्तीही त्याला आठवेना, आणि सबबींवरच तर त्याने जन्म काढला होता. हात खाली आले.

"टोबिन," तो म्हणाला, "डोकं दुखतंय तुझं?"

रांगेतली हेल्मेटं वळली.

टोबिनने डोळे उघडले. हेल्मेटच्या जाळीतून तो डेलकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "कोच, नका ना."

"विचारलं मी."

"कोच, प्लीज. एकच सामना राहिलाय. नका विचारू."

"विचारलंय मी, बाळा."

एका शब्दाचं काम होतं. 'नाही' म्हणाला असता तर कुणी पकडणार नव्हतं, डोकं उघडून बघणार नव्हतं. बोलेल खोटं, असं डेलला क्षणभर वाटलं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, बोलावं, असंही वाटलं. टोबिनचा जबडा हलला. तो ताठ झाला. टाच टाचेला लागली, हात मांड्यांना.

"हो, सर," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"बार्टलेटपासून, सर."

"उजेड सहन होतो?"

"नाही, सर."

"वाचता येतं?"

"एक ओळ येते, सर. मग अक्षरं हलायला लागतात."

एकदा विचारायला लागल्यावर सगळंच विचारणं भाग होतं. उलट्या होतात का? होतात, सर. झोप लागते का? नाही, सर. प्रत्येक उत्तर स्पष्ट, खड्या आवाजात, शपथ घेतल्यासारखं. दारात ट्रस्कॉट येऊन उभा राहिला होता. कधीपासून, ते कुणी बघितलं नाही. बिया चघळणं थांबलं होतं. तो डेलकडे बघत राहिला, आणि मग मागे वळून कुणाला तरी म्हणाला, "डॉक्टरांना बोलवा. आणि बदली सेंटरला आत घ्या."

डॉक्टरांनी टोबिनच्या डोळ्यांत बॅटरी मारली तेव्हा त्याने तोंड फिरवलं. त्यांना तेवढं पुरलं. "हॅव्हलिक, मला हे लिहावं लागेल," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"जानेवारीत मंडळ—"

"माहीत आहे, सर."

तिथूनच त्याला दवाखान्यात न्यायचं होतं. तो नाही म्हणाला. सामना संपेपर्यंत टीमसोबत थांबायची परवानगी त्याने रीतसर मागितली आणि डॉक्टरांनी बाकावरून हलायचं नाही या अटीवर दिली. राखाडी लांब कोट घालून, डोळ्यांवर कुणाचा तरी काळा चष्मा लावून तो बसला. डेल मैदानाकडे बघत होता पण त्याला काही दिसत नव्हतं. बदली पोराने एकदा चेंडू, मागे तो घ्यायला उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून दिला आणि तिथे सामना गेला. ट्रस्कॉटने कुणाला शिवी दिली नाही. आपल्या नोकरीचं आता काय, हा विचार डेलच्या मनात आला तो शिट्टी वाजल्यावर, तोही दुसऱ्याच कुणाच्या नोकरीबद्दल असल्यासारखा.

सामना संपला की दोन्ही टीम मिळून आधी हरलेल्या अकादमीच्या कॅडेटांसमोर जातात आणि हरलेल्यांचं गीत गातात. मग जिंकलेल्यांचं. हरलेल्यांनी आधी गायचं, आणि जिंकलेल्यांनी शेजारी उभं राहून, टोपी काढून, साथ द्यायची. फोर्ट मॅरिकची पोरं रांगेत उभी राहिली. चिखलाने माखलेली, काही रडणारी. टोबिन बाकावरून उठला आणि ओटिसच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याला कुणी अडवलं नाही.

बँड सुरू झाला. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला टोबिनचं अंग आक्रसत होतं. डेल त्याच्या मागे जाऊन थांबला. पोरगा डावीकडे झुकतोय असं वाटलं की डेल डावीकडे सरके, उजवीकडे वाटलं की उजवीकडे. टोबिनने सगळी कडवी म्हटली. मग पोर्ट हॅलेकचीही म्हटली.

पोरं एकेक करून आत गेली. खाली दवाखान्याची गाडी आली होती. टोबिन जिन्याच्या तोंडाशी थांबला आणि त्याने चष्मा काढला.

"कोच, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला माहीत होतं?"

डेलने कुठलीही शपथ घेतलेली नव्हती. त्याला काहीही सांगता आलं असतं. आजच लक्षात आलं, नॉर्मा म्हणाली, तुझे डोळे बघून शंका आली. पोरगा वाट बघत होता.

"हो," डेल म्हणाला.

"कधीपासून?"

"तू उठून त्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलास ना, तेव्हापासून."

टोबिनने बराच वेळ विचार केला. अलीकडे त्याला कुठल्याही गोष्टीला वेळ लागत होता.

"मला वाटलं होतं," तो म्हणाला, "मी चांगलं लपवलंय."

डेलने हात पुढे केला. टोबिनने तो धरला नाही. त्याने भिंतीचा लोखंडी दांडा धरला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. डेल त्याच्या पुढे झाला आणि एक पायरी खाली, अर्धवट मागे वळून, उतरायला लागला; पोरगा पडलाच तर अंगावर पडावा एवढ्या अंतरावर. दांड्यावरचा हात दर पायरीला थांबत होता, आणि तो थांबला की डेलही थांबत होता.